कानांनी दिलेले गुण : देशोदेशींच्या दूरध्वनीची तुलना कितपत खरी?

मोबाइल सेवेचा दर्जा तपासण्यासाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, निरनिराळ्या शहरांत मोटारीतून फिरून चाचण्या घेते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचण्यांच्या अहवालांत इतर आकड्यांबरोबर वाणीच्या दर्जाचाही एक आकडा दिलेला आढळतो. तो १ ते ५ या मोजपट्टीवरचा असतो आणि त्याला 'सरासरी मतांक' म्हणता येईल. हीच मोजपट्टी जगभर वापरली जाते. त्यामुळे एका देशाचा मतांक ३.९ आणि दुसऱ्याचा ४.२ असे वाचले, की दुसऱ्या देशातला दूरध्वनी अधिक चांगला, असा निष्कर्ष आपण सहज काढतो.

आमचा आक्षेप या निष्कर्षाला आहे. मोजपट्टी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिच्यावरच्या आकड्यात आवाजाबरोबर ऐकणाऱ्याची भाषा आणि त्याची अपेक्षा हीही मिसळलेली असतात, आणि ती वेगळी न काढता केलेली तुलना फसवी असते. शिक्षकांना ही गोष्ट पटायला जड जाऊ नये. कडक परीक्षकाने दिलेले ६० आणि सढळ परीक्षकाने दिलेले ७५ हे गुण शेजारी ठेवून कोणता विद्यार्थी हुशार, असे कोणताही अनुभवी शिक्षक ठरवणार नाही. तो आधी विचारील, पेपर कोणी तपासला?

मतांक काढतात कसा?

आवाजाचा दर्जा वजनकाट्यावर घालता येत नाही. तारेतून किती विद्युतदाब आला, किती कुरकुर मिसळली, हे यंत्र सांगते. पण ती कुरकुर माणसाला किती खुपते हे माणूसच सांगू शकतो. म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने श्रोत्यांना विचारण्याची एक पद्धत नेमून दिली. तिचे १९९६ चे रूप 'पी.८००' या शिफारशीत आहे.

पद्धत सरळ आहे. बोलणाऱ्या व्यक्तींकडून दोन-तीन सेकंदांची, सोपी, एकमेकांशी संबंध नसलेली वाक्ये ध्वनिमुद्रित करतात. ती निरनिराळ्या दूरध्वनी मार्गांवरून पाठवतात आणि शांत खोलीत बसलेल्या श्रोत्यांना ऐकवतात. श्रोता दूरध्वनीचा तंत्रज्ञ नसावा, त्याने नजीकच्या काळात अशाच चाचणीत भाग घेतलेला नसावा आणि ती वाक्ये त्याने आधी ऐकलेली नसावीत, असे दंडक आहेत. प्रत्येक नमुना ऐकून श्रोत्याने पाचपैकी एक शब्द निवडायचा. मूळ इंग्रजी शब्द आहेत एक्सलंट, गुड, फेअर, पुअर आणि बॅड. त्यांना अनुक्रमे ५, ४, ३, २, १ असे गुण मिळतात. सर्वांच्या गुणांची सरासरी म्हणजे मतांक.

सरासरीतच एक खाच आहे. चोवीस श्रोत्यांपैकी बारांनी ५ आणि बारांनी २ गुण दिले तर मतांक ३.५ येतो. बारांनी ४ आणि बारांनी ३ दिले तरी तो ३.५ च येतो. पहिल्या गटातल्या निम्म्या लोकांना आवाज नकोसा झाला आहे, तर दुसऱ्या गटात कोणाचीच मोठी तक्रार नाही. म्हणून मतांकाशेजारी मते किती विखुरली आहेत हे छापणे आवश्यक आहे. वृत्तपत्रांपर्यंत पोचेतो हा भाग बहुधा गळून गेलेला असतो.

सात देशांचा प्रयोग

देश बदलला की मतांक बदलतो का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी फार पूर्वी प्रयोगाने तपासला आहे. डी. जे. गुडमन आणि आर. डी. नॅश यांचा या विषयावरचा शोधनिबंध १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दूरध्वनी मार्गाच्या त्याच त्या अवस्था सात देशांतल्या श्रोत्यांपुढे ठेवल्या. दोष सर्वत्र सारखेच होते. बदलले ते श्रोते आणि त्यांची भाषा.

या प्रयोगातून दोन गोष्टी निघाल्या. कोणता मार्ग चांगला, कोणता त्याहून वाईट, हा क्रम देशोदेशी बराचसा जुळला. पण प्रत्यक्ष आकडे जुळले नाहीत. तोच मार्ग एका देशात वरचे गुण मिळवी आणि दुसऱ्यात खालचे. म्हणजे कोणता आवाज बरा आणि कोणता वाईट, याबाबत निरनिराळ्या देशांतील कान मोठ्या प्रमाणात एकमत होते. मतभेद होता तो त्या आवाजाला किती गुण द्यावेत याबाबत. आमच्या मते या साऱ्या विषयाचे सार इथेच आहे. क्रमाची तुलना टिकते, नुसत्या आकड्यांची टिकत नाही.

आकडे का बदलतात?

पहिला संशय भाषेच्या ध्वनींवर जाईल. एखाद्या भाषेत तारेवर टिकणारे ध्वनी जास्त आणि दुसरीत कमी, असे तर नसेल? जुना दूरध्वनी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातल्या कंप्रता पुढे पाठवतो. 'स'चा सळसळाट बराचसा या मर्यादेच्या वर असतो, म्हणून फोनवर 'स' बोथट होतो. मराठीत याचा आणखी एक परिणाम पाहता येतो. 'जग' म्हणजे दुनिया, यातला 'ज' तालव्य आहे. 'शंभर वर्षे जग' यातला 'ज' दंततालव्य आहे. दंततालव्य 'ज' आणि 'च' यांचे घर्षण अधिक उंच कंप्रतांवर असते. साहजिकच पट्टा कापला की त्यांची झीज जास्त होते. इंग्रजी वाक्यांवर केलेली चाचणी हा फरक पकडणार नाही.

तरीही सगळा दोष भाषेच्या ध्वनींवर टाकता येत नाही. डेनिस बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली बारा भाषांतील बोलण्याचा दीर्घकालीन सरासरी वर्णपट मोजून प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी, जपानी, रशियन, व्हिएतनामी अशा दूरदूरच्या भाषांबरोबर आपल्या शेजारची सिंहलीही होती. वर्णपट सर्वत्र सारखे आढळले. फरक होते, पण लहान. म्हणून मतांकांतल्या मोठ्या तफावतीची कारणे ध्वनींपलीकडेही शोधली पाहिजेत. आम्हांला त्यांपैकी तीन महत्त्वाची वाटतात.

पहिले कारण शब्दांचे. पाच शब्दांना ५, ४, ३, २, १ असे गुण देताना आपण गृहीत धरतो की शब्दांमधली अंतरे समान आहेत. बी. एल. जोन्स आणि पी. आर. मॅकमॅनस यांनी १९८६ साली हे गृहीतक तपासले. विषय दूरचित्रवाणीच्या चित्राचा होता, पण शब्दांची शिडी हीच होती. त्यांनी लोकांना एका रेषेवर प्रत्येक शब्दाची जागा खूण करून दाखवायला सांगितली. तेव्हा दिसले की पायऱ्या समान अंतरावर नाहीत. इंग्रजीत 'पुअर' आणि 'बॅड' जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. अमेरिकन इंग्रजी आणि इटालियन शब्दांच्या जागाही जुळल्या नाहीत.

आता मराठीत ही शिडी करून पाहा. 'उत्कृष्ट' आणि 'चांगला' इथपर्यंत अडचण नाही. तिसऱ्या पायरीवर 'बरा' ठेवावा का? 'बरा' हा शब्द मोठा लबाड आहे. 'मुलगा बरा आहे' हे वाक्य मुलगी पाहणाऱ्यांच्या घरात पसंतीचे असते आणि शिक्षकांच्या खोलीत नापसंतीचे. 'ठीक' म्हणावे तर त्यातही बोलणाऱ्याच्या सुरावर अर्थ बदलतो. खालच्या दोन पायऱ्यांवर 'वाईट' आणि 'खराब' ठेवले, तर त्यांतला अधिक खालचा कोणता? आवाज वाईट आहे म्हणताना काहींना गायकाचा गळा आठवेल आणि आवाज खराब म्हणताना लाइनची खरखर. म्हणजे शिडीचा अनुवाद करताना शब्दकोश उघडून भागत नाही. शब्दाची जागा श्रोत्यांकडूनच मोजून घ्यावी लागते.

दुसरे कारण शेजाऱ्यांचे. चाचणीत कोणत्या नमुन्याशेजारी कोणता नमुना ऐकला यावर गुण ठरतात. जुन्या पट्ट्यातला स्वच्छ दूरध्वनी खरखरीत नमुन्यांमध्ये ऐकला तर श्रोता त्याला वरचे गुण देतो. तोच नमुना ७००० हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या विस्तृत पट्ट्याच्या आवाजांमध्ये ठेवला, की तो कोंदट वाटू लागतो आणि गुण उतरतात. आवाज तोच, कानही तेच. फक्त वर्ग बदलला.

तिसरे कारण अपेक्षेचे, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर. ज्याने ट्रंक कॉलसाठी तास तास वाट पाहिली आणि मग ओरडून बोलला, त्याला आजचा कोणताही आवाज चांगलाच वाटणार. ज्याची सुरुवातच चांगल्या फोनने झाली, तो तेवढ्यावर खूश होणार नाही. दूरध्वनी जालांची आखणी करताना वापरायचे 'ई-मॉडेल' हे गणित १९९८ साली शिफारशीत आले. त्यात सर्व दोष वजा करून ० ते १०० मधला एक दर्जांक काढतात. पण त्यात 'सोयीचा लाभ' म्हणून काही गुण मिळवण्याचीही तरतूद आहे. तारेच्या फोनला ०, इमारतीतल्या मोबाइलला ५, फिरत्या मोबाइलला १० आणि उपग्रहावरून कशीबशी पोचणाऱ्या दुर्गम जागेला २० पर्यंत. म्हणजे जिथे दुसरी सोयच नाही, तिथला माणूस जास्त दोष सोसतो, म्हणून त्याचा दर्जांक वाढवून धरायचा! शिफारशीत ही मूल्ये तात्पुरती उदाहरणे म्हणून दिली आहेत आणि माणसाच्या वागण्याचे वर्णन म्हणून ती चुकीचीही नाहीत. पण वर्णनाचे धोरण होऊ लागले की धोका आहे. सोशिक श्रोत्याचे समाधान हे चांगल्या सेवेचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. गरीब देशाचा मतांक श्रीमंत देशाइतका आला, तर सेवा सारखी आहे की अपेक्षा कमी आहे, हे विचारलेच पाहिजे.

उपाय आहेत, वापरले पाहिजेत

या अडचणी शास्त्रज्ञांना ठाऊक आहेत आणि त्यांवर एक जुना, चांगला उपाय आहे. प्रत्येक चाचणीत काही ठरावीक बिघडवलेले नमुने मिसळतात. यांतली कुरकुर मुद्दाम घातलेली आणि नेमकी मोजलेली असते. बोलणे जोरात आले की ती वाढते, थांबले की थांबते. मग अनोळखी मार्गाला ३.४ गुण पडले असे न सांगता, 'हा मार्ग अमुक डेसिबलच्या नमुन्याइतका बरा वाटला' असे सांगता येते. पेपर तपासताना नमुना उत्तरपत्रिका शेजारी ठेवावी, तसाच हा प्रकार. परीक्षक कडक असो वा सढळ, त्याने नमुन्यालाही त्याच हाताने गुण दिलेले असतात.

एवढेच नव्हे, तर संघाने २०१३ साली मतांक कसा वाचावा आणि कसा छापावा यासाठी 'पी.८००.२' ही वेगळी शिफारसच काढली. वेगवेगळ्या प्रयोगांतले मतांक, ते प्रयोग तुलनेसाठीच आखलेले नसतील तर, थेट शेजारी ठेवू नयेत, असे ती बजावते. ज्यांनी मोजपट्टी बनवली त्यांनीच तिच्यावर ही सूचना लिहून ठेवली आहे. जाहिराती आणि देशोदेशींच्या याद्या करणारे ती वाचत नाहीत, हा मोजपट्टीचा दोष नव्हे.

आपल्याकडे कोणाचा कान?

आपल्याकडच्या नियमांकडे पाहिले तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. ट्रायच्या २००९ च्या विनियमांत किमान ९५ टक्के जोडण्यांचा 'आवाजाचा दर्जा चांगला' असावा, अशी अट होती. वाचणाऱ्याला वाटेल, कोणी तरी ऐकून चांगला म्हटले असेल. तसे नव्हते. जीएसएम जालांत मोबाइलला मिळणाऱ्या बिटांपैकी किती चुकीचे आले यावरून ० ते ७ असा एक अंक काढतात. तो ४ पर्यंत, किंवा कंप्रता सतत बदलणारी व्यवस्था असल्यास ५ पर्यंत असला, की आवाज चांगला असे धरले जाई. चार म्हणजे शंभरात सुमारे दीड ते तीन बिट चुकलेले. हे माप उपयोगी आहे, पण ते फोन आणि मनोरा यांच्यातल्या रेडिओ दुव्याचे आहे. पलीकडच्या माणसामागे वाजणारा रिक्षाचा भोंगा, परत येणारा प्रतिध्वनी, आवाज दाबून पाठवताना झालेली त्याची चिरफाड यांतले काहीच त्यात उतरत नाही. ऐकणाऱ्याला न विचारता त्याच्या वतीने 'चांगला' हा शब्द लिहिलेला होता.

आताच्या अहवालांतला मतांक त्या मानाने पुढचे पाऊल आहे, हे मान्य केले पाहिजे. तोही मोटारीत बसलेल्या श्रोत्यांचा नसतो, यंत्राचा असतो. २००१ सालची 'पी.८६२' आणि २०११ सालची 'पी.८६३' या शिफारशींत अशा यंत्रगणिताची रीत दिली आहे. पाठवलेले वाक्य आणि पोचलेले वाक्य यांची तुलना करून श्रोत्यांनी किती गुण दिले असते याचा हे गणित अंदाज बांधते. तो अंदाज पूर्वी झालेल्या चाचण्यांतल्या माणसांच्या मतांशी जुळवून घेतलेला असतो. म्हणजे यंत्राचा कान उसना आहे. म्हणूनच असा आकडा मराठी श्रोत्याचे मत म्हणून वाचण्याआधी तो मराठी वाक्यांवर आणि मराठी श्रोत्यांवर पडताळायला हवा. एकाच यंत्राने, एकाच रीतीने मोजलेल्या दोन कंपन्यांचा क्रम लावायला मात्र तो चालेल.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. ऐकण्याच्या चाचणीत विलंब पकडला जात नाही. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली येताना लहरीला सुमारे ७२,००० किलोमीटर जावे लागते आणि त्याला पाव सेकंदाच्या जवळपास वेळ लागतो. नुसते वाक्य ऐकणाऱ्याला ते जाणवणारही नाही. संभाषण करणारे दोघे मात्र एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. वसई भागातल्या कितीतरी घरांतली माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत. त्यांना फोन कसा वाटतो हे ठरवायला ऐकण्याचा मतांक पुरेसा नाही, संभाषणाची चाचणी हवी. तीही 'पी.८००' मध्ये दिलेली आहे.

बोळिंजच्या एका वर्गात

हा विषय प्रयोगशाळेतच राहावा असे नाही. विरार पश्चिमेला आगाशीच्या वाटेवरचे बोळिंज घ्या. आजूबाजूच्या जुन्या वस्तीत वाडवळी आणि सामवेदी बोली आहेत. म्हाडाच्या वसाहतीत आणि नव्या इमारतींत निरनिराळ्या गावांहून आलेली मराठी, हिंदी, गुजराती बोलणारी कुटुंबे आहेत. जो प्रश्न सात देशांत विचारला गेला, तो इथल्या एकाच वर्गात विचारता येतो. आठवी-नववीच्या मुलांना पुढील प्रयोग सहज जमेल.

पहिल्या दिवशी आवाज ऐकवू नका. प्रत्येकाला दहा सेंटिमीटरची रेषा काढायला सांगा. एका टोकाला 'याहून वाईट असूच शकत नाही' आणि दुसऱ्या टोकाला 'याहून चांगला असूच शकत नाही' असे लिहा. मग उत्कृष्ट, चांगला, बरा, ठीक, खराब, वाईट हे शब्द रेषेवर कुठे बसतात ते खूण करू द्या. घरी जी बोली बोलतात तिच्यातले शब्दही घालू द्या. मोजपट्टीने अंतरे मोजून प्रत्येक शब्दाची सरासरी आणि पसारा काढा.

दुसऱ्या दिवशी पाच-सहा छोटी मराठी वाक्ये ध्वनिमुद्रित करा. एक प्रत तशीच ठेवा. दुसरी संगणकावर ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये कापा. तिसरीत थोडी खरखर मिसळा, चौथीत जास्त. सर्वांचा मोठेपणा सारखा ठेवा, कारण मोठा आवाज उगाचच चांगला वाटतो. क्रम सारखा बदलत, शक्य तर कानावरच्या फोनने ऐकवा आणि शेजाऱ्याच्या वहीत न पाहता गुण लिहायला सांगा. अर्ध्या वर्गाला शब्द द्या, अर्ध्या वर्गाला तीच दहा सेंटिमीटरची कोरी रेषा.

मग दोन तक्ते करा. एकात नमुन्यांचा क्रम, दुसऱ्यात त्यांचे गुण. क्रम किती जुळतो आणि गुण किती जुळत नाहीत हे मुले स्वतः पाहतील. इथे शिक्षकाने एक पथ्य पाळावे. एका बोलीच्या मुलांनी कमी गुण दिले, म्हणून त्यांचे कान तीक्ष्ण किंवा मन कुरकुरे, असा शेरा कोणाला मारू देऊ नये. तो फरक शब्दाच्या जागेचा असू शकतो आणि पहिल्या दिवसाच्या रेषा शेजारी ठेवून ते तपासता येते. देशांची तुलना करणारी माणसे नेमकी हीच पायरी गाळतात.

मतांक हे माणसाला विचारण्याचे साधन आहे, आणि तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात माणसाला विचारण्याची पद्धत घालून देणे ही लहान गोष्ट नाही. पण ज्याला विचारायचे त्याच्या भाषेत विचारावे, त्याला ठाऊक असलेल्या नमुन्याशी तुलना करून विचारावे आणि त्याच्या सोशिकपणाला दर्जा समजू नये. एवढे झाले, की दोन आकडे शेजारी ठेवायला हरकत नाही. तोवर आकडा छापलेला दिसला, की वर्गातल्या मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी ऐकले? कोणत्या शब्दांत सांगितले? आणि शेजारी काय ऐकवले होते?